क्लच पेडलची योग्य स्प्रिंग कशी ओळखावी?

नागपुरात जुनी अमेरिकन मसल कार सांभाळणाऱ्याने स्प्रिंग शोधण्यापूर्वी प्रेशर प्लेट (क्लचची चकती दाबून धरणारा भाग) तपासावी. कारण मूळच्या तीन बोटांच्या (तीन तरफांनी सुटणाऱ्या) प्लेटसाठी दिलेली, पेडल दाबायला हातभार लावणारी मदतनीस स्प्रिंग डायफ्रॅम (एकाच बशीसारख्या स्प्रिंगच्या) प्लेटसोबत तशीच ठेवल्यास पेडल खालीच अडकू शकते, आणि तेव्हा ती काढून हलकी परतीची स्प्रिंग लावणेच योग्य ठरते. तारेची जाडी मात्र रंग व गंज खरवडून व्हर्नियरनेच मोजावी, कारण ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढतो: वेढ्यांची संख्या व सरासरी व्यास तोच ठेवून ४ऐवजी ४.४ मिलिमीटरची तार घेतल्यास स्प्रिंग सुमारे ४६ टक्के ताठ होते. जुन्या नगाच्या लांबीवर विसंबू नये. तो ताणला गेलेला असू शकतो.