पोस्टग्रेस १३ वरून १८ वर जाताना मी काय करते

१३ नोव्हेंबर २०२५ ला पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या तेराव्या आवृत्तीची शेवटची मायनर (किरकोळ दुरुस्त्यांची) आवृत्ती, १३.२३, आली आणि तिची पाच वर्षांची मुदत संपली. यापुढे तिच्यात सुरक्षेची फट सापडली तरी ती बुजवायला कोणी येणार नाही. तरी "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" हे वाक्य मला अजून ऐकू येतं. त्यामागची भीती मी ओळखते, कारण एका अपग्रेडनंतरची सकाळ मी स्वतः भोगली आहे. रात्री सगळं नीट झालं होतं. सकाळी लोक कामाला लागले आणि रोज क्षणात येणारी क्वेरी मिनिटभर अडकायला लागली. डेटा जागेवर होता, पण प्लॅनरची, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची, स्टॅटिस्टिक्स (टेबलांविषयीची आकडेवारी) अपग्रेडमध्ये मागे राहिली होती. कुठल्या टेबलात किती ओळी आहेत हेच त्याला माहीत नव्हतं आणि तो अंदाजाने रस्ते निवडत होता.

२५ सप्टेंबर २०२५ ला आलेल्या १८ मध्ये पीजी-अपग्रेड, म्हणजे जुना डेटा नव्या आवृत्तीत नेणारं साधन, ही स्टॅटिस्टिक्स सोबत घेऊन येतं, आणि जुना सर्व्हर १३ असला तरी आणतं. माझ्या मते या आवृत्तीतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. असिंक्रोनस आयओचं (डिस्ककडून उत्तर येण्याची वाट न पाहता पुढची वाचनं सुरू करण्याचं) कौतुक सगळीकडे झालं, ते योग्यच आहे. पण रात्री जागणाऱ्या माणसाला दिलासा स्टॅटिस्टिक्स सोबत येण्यानेच मिळतो.

तर, कामाला सुरुवात तालमीपासून. कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा आणि सगळं अपग्रेड तिथे पूर्ण करून बघा. त्यातून अपग्रेडला लागणारा वेळ कळतो, आणि बॅकअप खरंच रिस्टोअर होतो का, हेही कळतं.

तालमीत बहुतेकांना पहिली ठेच लागते ती चेकसमची, म्हणजे डेटाच्या प्रत्येक ब्लॉकसोबत ठेवलेल्या पडताळणीच्या संख्येची. १८ मध्ये इनिटडीबी हे साधन नवा क्लस्टर (एका सर्व्हरखालचा डेटाबेसांचा संच) बनवताना डेटा चेकसम आपोआप चालू करतं. तुमचा १३ चा क्लस्टर बहुधा चेकसमशिवाय बनलेला असेल. दोन्हीकडे हे सेटिंग सारखं नसेल तर पीजी-अपग्रेड पुढे जातच नाही. नवा क्लस्टर 'नो-डेटा-चेकसम्स' देऊन बनवला की प्रश्न मिटतो, पण मी तसं करत नाही. डिस्कने गुपचूप एखादा ब्लॉक बिघडवला तर चेकसममुळे तो वाचतानाच पकडला जातो, आणि हे संरक्षण सोडून देण्यासारखं नाही. मी आदल्या एखाद्या मेंटेनन्समध्ये जुना सर्व्हर नीट बंद करते, त्यावर पीजी-चेकसम्स 'इनेबल' आणि 'प्रोग्रेस' देऊन चालवते, मगच पुन्हा सुरू करते. यात प्रत्येक ब्लॉक वाचून परत लिहिला जातो. ४०० जीबीचा डेटाबेस आणि सेकंदाला २०० एमबी देणारी डिस्क असेल तर नुसतं वाचायलाच अर्ध्या तासाहून जास्त लागतो, लिहिण्याचा वेळ वेगळा. रेप्लिका (मूळ सर्व्हरच्या चालत्या प्रती) असतील तर त्यांच्यावरही हेच करा. हे आधीच उरकलेलं असलं की अपग्रेडच्या रात्रीचा ताण निम्म्याने कमी होतो.

मग पीजी-अपग्रेड 'चेक' पर्यायाने चालवा. यात काहीच बदलत नाही, चालू सर्व्हरवरही चालतं. तक्रारी असतील तर त्या नव्या डेटा डिरेक्टरीतल्या फाइलींत लिहिल्या जातात. त्या ओळन्‌ओळ वाचा. १३ वरून येणाऱ्यांना हमखास भेटणारी तक्रार म्हणजे स्वतः बनवलेली, अनेक ओळींतून एकच उत्तर काढणारी फंक्शन, म्हणजे अ‍ॅग्रिगेट. कोणीतरी पूर्वी 'अ‍ॅरे-अपेंड'वर 'एनीअ‍ॅरे' टाइप घेऊन अ‍ॅग्रिगेट लिहिलेलं असतं. १४ मध्ये या अंगभूत फंक्शनचे टाइप बदलले. अशी अ‍ॅग्रिगेट अपग्रेडपूर्वी ड्रॉप करा आणि नंतर 'एनीकम्पॅटिबलअ‍ॅरे' घेऊन पुन्हा बनवा. त्यांची व्याख्या आधी कुठेतरी जपून ठेवा, ऐनवेळी शोधाशोध नको.

चेक जे पकडत नाही ते तुम्हाला हुडकावं लागेल. बॅकअपच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये 'पीजी-स्टार्ट-बॅकअप' असेल तर ती मोडणार. १५ मध्ये त्या फंक्शनचं नाव बदलून 'पीजी-बॅकअप-स्टार्ट' झालं आणि एक्सक्लुझिव्ह बॅकअपची जुनी पद्धत काढून टाकली. डॉकरची अधिकृत इमेज वापरत असाल तर १८ मध्ये डेटाची जागा बदलली आहे. व्हॉल्यूम आता 'डेटा' फोल्डरवर नाही, त्याच्या वरच्या 'पोस्टग्रेस्क्यूएल' फोल्डरवर माउंट करायचा.

एक्सटेन्शन, म्हणजे पोस्टग्रेसला जोडलेली पूरक मॉड्यूल, हीही सगळी १८ साठी बांधलेलीच हवीत. १४ नोव्हेंबर २०२४ च्या मायनर आवृत्त्यांत एका अंतर्गत स्ट्रक्चरचा आकार वाढला आणि आधी बांधलेली काही एक्सटेन्शन कोसळण्याचा धोका निर्माण झाला. आठवडाभरात, २१ नोव्हेंबरला, दुरुस्त आवृत्त्या आल्या. चूक इतक्या लवकर उघडपणे मान्य होऊन सुधारली जाते, म्हणून तर माझा या समुदायावर विश्वास आहे.

जुनी कॉन्फिग फाइल जशीच्या तशी उचलून आणू नका. 'इफेक्टिव्ह-आयओ-कॉन्करन्सी' (एका वेळी डिस्ककडे किती मागण्या पाठवायच्या) पूर्वी १ होतं, १८ मध्ये १६ आहे. जुन्या फाइलीत १ लिहिलेलं असेल तर नव्या आयओचा फायदा तुम्ही स्वतःच रोखून धराल. नवी फाइल घ्या आणि तुम्ही जाणूनबुजून बदललेल्या ओळीच तिच्यात आणा. 'आयओ-मेथड' (आयओ कोणत्या पद्धतीने करायचा) मूळच्या 'वर्कर'वरच असू द्या. आयओ-युरिंगचे (लिनक्सच्या स्वतःच्या असिंक्रोनस आयओचे) प्रयोग महिनाभराने, तेही मोजमाप करत.

फाइली हलवण्याच्या पद्धतींत मला 'क्लोन' आवडते. रीफ्लिंक (प्रत न करता तेच ब्लॉक वापरण्याची सोय) असलेली एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस फाइलसिस्टिम असेल तर ती झटपट होते आणि जुना क्लस्टर शाबूत राहतो. 'लिंक'मध्ये दोन्ही क्लस्टर त्याच फाइली वापरतात, म्हणून नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना पुन्हा वापरता येत नाही. १८ मधली नवी 'स्वॅप' पद्धत टेबलं हजारोंनी असतील तर सगळ्यात वेगवान ठरू शकते, पण तिच्यात फाइली हलायला लागल्या की परतीची वाट बंद. ती निवडायची तर तालीम केलेला बॅकअप हाताशी हवाच.

अपग्रेड झालं की स्टॅटिस्टिक्स गोळा करणारं व्हॅक्यूमडीबी 'अ‍ॅनालाइझ-इन-स्टेजेस' आणि 'मिसिंग-स्टॅट्स-ओन्ली' देऊन चालवा. क्रिएट स्टॅटिस्टिक्सने बनवलेली एक्सटेंडेड स्टॅटिस्टिक्स (अनेक कॉलमांचा परस्परसंबंध सांगणारी) अजूनही सोबत येत नाहीत, ती यात भरून निघतात. त्यानंतर सावकाश सगळ्या डेटाबेसवर 'अ‍ॅनालाइझ-ओन्ली'. ऑटोव्हॅक्यूम (मेलेल्या ओळी आपोआप साफ करणारी प्रक्रिया) ज्या आकड्यांवर चालतो ते शून्यापासून सुरू झालेले असतात, म्हणून हे टाळू नका.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते: त्याच रात्री ऑपरेटिंग सिस्टिम बदलू नका. मी एकदा बदलली होती. नव्या मशीनवर ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ च्या पुढची होती, जुन्यावर मागची. २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले होते, पण इंडेक्सच्या फाइली जुन्या क्रमानेच आल्या. चार दिवसांनी युनिक इंडेक्स असलेल्या कॉलममध्ये तोच कोड दोनदा सापडला. इंडेक्स जिथे शोधत होता तिथे जुनी ओळ नव्हतीच, म्हणून त्याने दुसरी आत येऊ दिली. दुहेरी ओळी हाताने निस्तरून रीइंडेक्स करण्यात तीन दिवस गेले. सिस्टिम बदलणं अटळच असेल तर लोकांना आत सोडण्याआधी मजकुराच्या सगळ्या इंडेक्सवर रीइंडेक्स करा आणि इंडेक्स तपासणारं पीजी-अ‍ॅमचेक चालवून खात्री करून घ्या.

दुसऱ्या दिवशी 'पीजी-ऑथआयडी' (वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड असलेलं टेबल) उघडून कोणाचे पासवर्ड अजून एमडी५ या जुन्या, कमकुवत पद्धतीत आहेत ते बघा. १८ मध्ये असा पासवर्ड ठेवताना इशारा येतो आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत एमडी५ जाणार आहे. एकेकाला गाठून स्क्रॅम या सुरक्षित पद्धतीवर आणा.

जुना क्लस्टर मी महिनाअखेरची कामं एकदा पार पडेपर्यंत ठेवते आणि मगच पुसते. तालमीचं मशीन मात्र मोडत नाही. १८ चा पहिला बीटा (चाचणीची आवृत्ती) ८ मे २०२५ ला आला होता. पुढच्या आवृत्तीचा बीटा आला की त्याच मशीनवर आपला डेटा घालून बघायचा आणि काही मोडलं तर बग कळवायचा. बीटामध्ये कळवलेली चूक अंतिम आवृत्तीच्या आत सुधारली जाऊ शकते, आणि त्यासाठी सी भाषेतला कोड लिहिता यावा लागत नाही.