सुरुवातीचा मुका पी: लांब इंग्रजी शब्द कसे शोधावेत
‘सा’ किंवा ‘न्यू’ने सुरू होणारा शब्द कोशात एस किंवा एनखाली सापडला नाही, तर पीखाली पाहा. ग्रीकमधून आलेल्या शब्दांच्या आरंभी एस, एन, टीआधीचा पी लिहितात, पण सहसा उच्चारत नाहीत. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसदाह, स्यूडोनिम म्हणजे टोपणनाव, टेरोडॅक्टिल म्हणजे उडणारा प्राचीन सरीसृप.

सायकॉलॉजी, म्हणजे मानसशास्त्र, लिहिताना एस आणि वायची अदलाबदल होते, किंवा सीनंतरचा एच गळतो. म्हणून पी-एस-वाय-सी-एच हा तुकडा एकदमच पाठ करा. सायकायट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, लिहितानाही तोच लागतो.

शब्दाच्या पोटात मात्र हा पी बोलका होतो. टेरोडॅक्टिलमधला ‘पंख’ या अर्थाचा पी-टी-ई-आर हा तुकडा हेलिकॉप्टरमध्येही आहे, पण तिथे पी स्पष्ट ऐकू येतो.