लिलावातून घोडे सोडवणाऱ्या रेस्क्यूला पैसे देताय? आधी या चुका टाळा

आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी तो फोटो येतोच. चिखलात उभी एखादी तपकिरी घोडी, तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर नंबरचा स्टिकर, आणि खाली लिहिलेलं असतं की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पैसे जमले नाहीत तर ही मेक्सिकोच्या कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढणार. मी पेनसिल्व्हेनियात राहते, लेक लहानपणापासून रायडिंग शिकतेय, शनिवार-रविवार मी स्वतः तबेल्यात लीद उचलायला असते, त्यामुळे प्रत्येक वेळी कोणीतरी मला मेसेज करतंच, ताई हे खरं आहे का गं, पाठवू का पैसे?

घोडी बहुतेक वेळा खरीच असते. बघायचं असतं ते वेगळंच, तुमचा पैसा शेवटी कोणाच्या खिशात गेला आणि ती घोडी ट्रकमधून उतरल्यावर तिचं पुढे काय झालं. या दोन गोष्टी सरळ सांगणारी रेस्क्यू असेल तर डोळे झाकून नाही पण मन मोकळं करून द्या. मी हे उशिरा शिकले, एका पेजला तीन वेळा पैसे पाठवून झाल्यावर.

थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अमेरिकेत घोड्यांचे शेवटचे तीन कत्तलखाने २००७ मध्ये बंद पडले, दोन टेक्सासमधले आणि एक इलिनॉयमधला. पण मांसासाठी घोडे बाहेर पाठवण्यावर बंदी आली नाही, म्हणून ते मेक्सिको आणि कॅनडाला जायला लागले. लिलावात घोडे घेऊन तिकडे पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला इथे किल बायर म्हणतात आणि त्याच्या आवाराला किल पेन. आमच्या जवळचा मोठा लिलाव न्यू हॉलंडचा, अमिश लोकांच्या लँकेस्टर काउंटीत, सोमवारी भरतो. याच न्यू हॉलंडमध्ये १९५६ साली हॅरी डिलेअर नावाचा रायडिंग शिकवणारा माणूस लिलावाला उशिरा पोचला, चांगले घोडे विकून संपले होते, फक्त कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवलेले उरले होते, त्यातला एक पांढुरका नांगराचा घोडा त्याने ८० डॉलरला उतरवून घेतला. तो स्नोमॅन. दोनच वर्षांत तो घोडा अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेत देशातला चॅम्पियन झाला. ही गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच तिचा इतका परिणाम होतो, प्रत्येक फोटोत आपल्याला स्नोमॅनच दिसायला लागतो.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक, तारखेला घाबरणं

"शुक्रवारी ट्रक" वाचलं की हात आपोआप फोनकडे जातो. माझाही गेला होता. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की ज्या घोडीची शेवटची संधी मागच्या शुक्रवारी होती तीच या शुक्रवारी परत आलीय, फोटो तोच, फक्त किंमत १०० डॉलरने उतरलीय.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण सगळं घोडं इथेच अडतं. रेस्क्यूची माणसं लिलावात बसून बोली लावतात तेव्हा पैसा घोडा विकायला आणणाऱ्याला जातो, लिलाववाल्याचं कमिशन कापून. पण किल पेनमधून घोडा "बेल"वर, म्हणजे व्यापारी मागेल ती किंमत देऊन सोडवतात तेव्हा तो घोडा व्यापाऱ्याने आधीच विकत घेतलेला असतो, आणि तो मांसाच्या भावाने नाही तर चांगला नफा लावून परत विकतो. कत्तलखान्याशी त्याचा सौदा असतो तो अमुक इतके घोडे पोचवण्याचा. तुम्ही एक सोडवलात की ट्रकमधली जागा रिकामी जात नाही, तो पुढच्या लिलावातून दुसरा भरतो, आणि आता तो घ्यायला त्याच्याकडे तुमचे पैसे असतात. फोटोत येतात ते बहुतेक तरुण, देखणे, खोगीर टाकता येईल असे. म्हातारी लंगडी घोडी फोटोत येतच नाही.

मग लिलावातून घेणारे सगळे बरोबर का? तसंही नाही. रेस्क्यू चालवणाऱ्या ज्या बाईंबरोबर मी दोनदा न्यू हॉलंडला गेले त्या रिंगणाकडे कमी आणि समोरच्या बाकांकडे जास्त बघायच्या. शेतकरी किंवा एखादं कुटुंब बोली लावत असेल तर त्यांचा हात खाली, कारण त्या घोड्याला घर मिळतच होतं. समोर फक्त व्यापारी उरला की मग हात वर, आणि ठरलेल्या आकड्याच्या पुढे एक डॉलर नाही. पाच घोडे बघून एक आणला आणि परत येताना गाडीत खूप वेळ गप्प होत्या. रेस्क्यूला विचारा की कुणाविरुद्ध बोली लावता आणि थांबता कधी. ज्याने हे काम मनापासून केलंय त्याच्याकडे याचं उत्तर लगेच असतं.

आणि हो, तो पुठ्ठ्यावरचा नंबर. लिलावात प्रत्येक घोड्याला तो लावतात, मुलांसाठी घेतलेल्या पोनीलासुद्धा. नंबर म्हणजे मरणाचा शिक्का नाही.

"५०१सी३ आहे ना" म्हणून थांबणं

५०१सी३ म्हणजे करमुक्त नॉन-प्रॉफिट संस्था, पण ते असणं ही नुसती सुरुवात झाली. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या करखात्याच्या साइटवर संस्थेचं नाव किंवा ईआयएन (कर-क्रमांक) टाकून शोधता येतं, दोन मिनिटांचं काम. सलग तीन वर्षं रिटर्न भरला नाही तर दर्जा आपोआप रद्द होतो आणि ते तिथे दिसतं. मग फॉर्म ९९० बघा, म्हणजे संस्थेचा वार्षिक रिटर्न, तो सार्वजनिक असतो, मागितला तर संस्थेने द्यायलाच हवा. वर्षाला साधारण ५०,००० डॉलरपेक्षा कमी जमा असलेल्या छोट्या संस्था ९९०-एन भरतात, त्यात हिशोब जवळजवळ नसतोच. छोट्या संस्थेसाठी ते ठीक आहे, पण पेजवर दर आठवड्याला हजारो डॉलर जमा झाल्याचं तुम्ही बघताय आणि फाइल मात्र ९९०-एन, तर कुठेतरी पाणी मुरतंय. मोठा फॉर्म असेल तर मी आधी तीनच खर्च बघते, गवत, व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर, आणि नालबंद. घोडे विकत घ्यायला भरपूर पैसे आणि व्हेटला जेमतेम, असं दिसलं की मी बंद करते. बोर्डावर नवरा, बायको आणि मेहुणा असे तिघंच असतील तरी मी जपून असते.

आपल्यापैकी बरेच जण आयटीत आहेत, कंपनी डोनेशन मॅच करते, तर त्या पोर्टलवरून द्या. पडताळणी न झालेली संस्था तिथे सहसा सापडतच नाही आणि पैसेही दुप्पट होतात. "पोर्टल नको, माझ्या पर्सनल अकाउंटला झेल करा, नाहीतर पेपालवर फ्रेंड्स अँड फॅमिली टाका" असं कोणी म्हणालं तर पाठवू नका, ते पैसे गेले की गेले.

क्वारंटाइन विचारायचं राहून जाणं

यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण आमच्या तबेल्यात हे झालंय. ओळखीतल्या एकांनी बेलवर घोडा सोडवला, संस्थेने थेट त्यांच्या दारात उतरवून दिला, दोन दिवसांनी आमच्याकडे ठेवायला आणला. आठवड्याभरात त्याला ताप, मग जबड्याखाली लिंबाएवढ्या गाठी, मग त्या फुटून पू. स्ट्रँगल्स, घोड्यांचा झपाट्याने पसरणारा संसर्ग. बघता बघता अकरा घोड्यांपैकी सहा आजारी, तबेला दोन महिने बंद, आणि माझी लेक जिच्यावर शिकली ती म्हातारी घोडी त्यात गेली. त्या माणसाने वाईट हेतूने काहीच केलं नव्हतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

लिलावात वेगवेगळ्या राज्यांतले घोडे एकाच कुंपणात, एकाच पाण्याच्या टाकीवर असतात. स्ट्रँगल्सची लक्षणं दिसायला ३ ते १४ दिवस लागतात, म्हणजे ट्रकमधून उतरलेला घोडा ठणठणीत दिसू शकतो. बरा झाल्यावरही काही घोडे घशाजवळच्या पिशव्यांमध्ये जंतू महिनोन्‌महिने बाळगतात, ते नाकातून दुर्बीण (एंडोस्कोप) घालून तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून किमान तीन-चार आठवडे वेगळी जागा, वेगळ्या बादल्या, वेगळे बूट, रोज दोनदा ताप मोजणं. रेस्क्यूला विचारा, क्वारंटाइनची जागा कुठे आहे, बाकीच्या घोड्यांपासून किती लांब, तिथे काम कोण करतं? "आमचे घोडे थेट अडॉप्टरकडे जातात, स्वतःची जागा नाही" असं उत्तर आलं तर ती संस्था फक्त मधली दलाल आहे, पैसे देऊ नका आणि त्यांच्याकडून घोडा तर घेऊच नका.

सोबत कॉगिन्सचा कागद मागा. ती घोड्यांच्या संसर्गजन्य ॲनिमियाची रक्ततपासणी, राज्याबाहेर न्यायचं तर बहुतेक ठिकाणी लागतेच. त्या कागदावर घोड्याचं वर्णन आणि तारीख असते, त्यामुळे फोटोतला घोडा आणि कागदातला घोडा एकच आहे का हे तुम्हाला घरबसल्या ताडता येतं. कपाळावरचा चट्टा, पायाचे पांढरे मोजे, सगळं जुळायला हवं.

पहिल्याच दिवशी "मुलांसाठी अगदी शांत"

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो, मग चालवून बघतो, मग पळवून, आणि तरीही त्याला शंका असतेच. इथे मात्र लोक वीस सेकंदांचा व्हिडिओ बघून मुलासाठी पोनी बुक करतात. लिलावातल्या घोड्याला गुंगीचं औषध दिलेलं असू शकतं, ब्यूटसारखं वेदनाशामक दिलं तर लंगडणं काही काळ लपतं. अर्धपोटी घोडाही शांतच असतो, अंगात ताकदच नसते त्याच्या, खाऊन-पिऊन दोन महिने झाले की खरा स्वभाव कळतो. चांगली रेस्क्यू म्हणते, "अजून माहीत नाही, सहा आठवड्यांनी सांगतो." हे ऐकायला मिळालं तर मला फार बरं वाटतं.

बिफोर-आफ्टर फोटोंचंही तेच. इथे घोड्याचा हाडकुळेपणा १ ते ९ च्या हेनेकी स्केलवर मोजतात, १ म्हणजे नुसता सापळा. अशा घोड्याला प्रेमाने धान्याची बादली पुढे केली तर तो मरू शकतो, कारण एकदम पिष्टमय खाणं आलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम झपकन खाली येतं. लसूणघास थोडा थोडा, दर काही तासांनी, रात्रीसुद्धा उठून, असं सुरू करावं लागतं. म्हणून "पहिल्या दिवशी काय खायला दिलं?" हा प्रश्न साधा वाटला तरी विचारा, उत्तरावरून माणूस कळतो.

मोठा आकडा बघून भुलणं

"या वर्षी आम्ही ३०० सोडवले." बरं, आता किती आहेत, किती गेले, कुठे गेले, किती वारले? ४५० किलोचा घोडा रोज साधारण वजनाच्या दोन टक्के म्हणजे ९ किलो गवत खातो. ४० घोडे म्हणजे दिवसाला ३६० किलो, महिन्याला जवळजवळ ११ टन. हे गवत ठेवायला गोठा दिसतोय का, फोटोत कुठे गंज दिसतेय का? नाही दिसली तर त्या घोड्यांची सुटका झालेली नाही, फक्त उपासमारीची जागा बदललीय. आणि तीनशेच्या तीनशे आठवड्याभरात पुढे गेले असतील तर करार काय आहे ते बघा. घोडा परत लिलावात घालता येणार नाही, नको झाला तर आमच्याकडेच परत आणायचा, आम्ही येऊन बघणार, ही तीन कलमं नसतील तर तोच घोडा सहा महिन्यांत न्यू हॉलंडच्या रिंगणात दिसू शकतो.

आता उलटी चूकही होते आणि तिचं मला जास्त वाईट वाटतं. चांगल्या छोट्या रेस्क्यू लोकांना रागीट वाटतात. फोन उचलत नाहीत, कधीही या म्हणत नाहीत, अडॉप्शन फी घेतात, घोडा द्यायला चक्क नाही म्हणतात, आणि असह्य वेदनेतल्या घोड्याला व्हेटकडून इंजेक्शन देऊन कायमचं शांत करतात. लोक म्हणतात, हे कसले रेस्क्यूवाले. अहो, पाय कायमचा गेलेल्या जनावराला लिलावातून आणून मोकळ्या हवेत, ओळखीच्या हाताखाली शेवट देणं हीसुद्धा सुटकाच आहे, आणि ती उघडपणे पोस्ट करायला धैर्य लागतं. ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्च्युअरीज प्रत्यक्ष पाहणी करून मान्यता देते, ती असली तर उत्तमच, पण नाही म्हणून कोणाला लगेच खोटं ठरवू नका. वेळ ठरवून जाऊन या, खुरं बघा, पाण्याच्या टाक्या बघा, त्यांच्या व्हेटचं नाव विचारा.

पैसे आधीच गेले असतील तर

पोस्ट डिलीट व्हायच्या आत स्क्रीनशॉट घ्या, घोड्याचा नंबर, तारीख आणि किती पैसे मागितले होते ते दिसेल असे. मग शांतपणे लेखी विचारा, खरेदीची पावती, कॉगिन्स, घोडा आत्ता कुठे आहे, आजच्या तारखेचा फोटो. जादा जमलेले पैसे कुठे गेले तेही विचारा, कारण एकाच घोडीसाठी चार पेजेस पैसे गोळा करताना मी पाहिलंय. उत्तराऐवजी ब्लॉक मिळाला आणि कार्डने दिले असतील तर लगेच बँकेला कळवून डिस्प्यूट टाका. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ऑफिसात तक्रार करता येते, आणि नॉन-प्रॉफिट असेल तर आयआरएसचा फॉर्म १३९०९ याचसाठी आहे. मी तो भरला. माझे पैसे परत आले नाहीत. आता तेवढीच रक्कम दर महिन्याला त्या बाकांकडे बघणाऱ्या बाईंच्या गवताच्या बिलात जाते, आणि महिन्याअखेरीला मला गवतवाल्याच्या पावतीचा फोटो येतो, न मागता.