वस्तीत तरुणांसोबत काम करायचे असेल तर: नागपुरात शिक्षणाची वाट कशी निवडावी

बारावीचा निकाल लागला की वस्तीतल्या मुलांसोबत काम करू इच्छिणारे विद्यार्थी सर्वांत आधी कोर्सचे नाव विचारतात. माझ्या मते नावाआधी फील्डवर्कची, म्हणजे वस्तीत किंवा संस्थेत प्रत्यक्ष जाऊन करायच्या कामाची, चौकशी करावी. सर्वसाधारण समाजकार्यासाठी आपल्याकडे वकिलांच्या बार कौन्सिलसारखी सनद देणारी परिषद नाही. त्यामुळे संस्था उमेदवाराची पदवी पाहतात आणि त्याने प्रत्यक्षात काय केले आहे ते विचारतात.

बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, बारावीनंतर कोणत्याही शाखेतून जाता येते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांचे असून त्यासाठी कोणत्याही विषयाची पदवी चालते, म्हणून बी.कॉम. झालेल्यांनी आपली वाट बंद झाली असे समजू नये. कमलाताई होस्पेट यांनी 1921 साली नागपुरात सुरू केलेल्या मातृसेवा संघाचे समाजकार्य महाविद्यालय 1958 पासून हे शिक्षण देत आहे. सिव्हिल लाइन्समध्ये तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा दूरस्थ एमएसडब्ल्यू आहे, मात्र त्यातही फील्डवर्क सुटत नाही. खास युवा विकासाचेच शिक्षण हवे असेल, तर तामिळनाडूतील श्रीपेरंबुदूर येथील राजीव गांधी राष्ट्रीय युवा विकास संस्थेचा विचार करावा.

प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठावे आणि आठवड्यातून किती दिवस वस्तीत किंवा संस्थेत जावे लागते, ग्रामीण शिबिर खरोखर गावात मुक्काम करून होते का, आणि मुख्य म्हणजे फील्डवर्कचे रिपोर्ट कोणी वाचते का, हे विचारावे. ज्या ठिकाणी सुपरवायझर दर आठवड्याला विद्यार्थ्याला समोर बसवून त्याचा रिपोर्ट ओळीओळीने तपासतो, तिथली फी थोडी जास्त असली तरी मी तेच ठिकाण सुचवीन.

रिपोर्ट म्हणजे काय, हे मला उशिरा कळले. उत्तर नागपुरातील एका वस्तीत मुलांचा गट घेतल्यावर मी लिहिले होते, ‘आज मुलांना व्यसनांच्या दुष्परिणामांविषयी मार्गदर्शन केले.’ सुपरवायझर मॅडमनी वही परत सरकवली आणि विचारले, दाराशी कोण बसले होते, मधेच उठून कोण गेले, आणि तुम्ही बोलत असताना तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी कोणाच्या हातात होती? मला एकही उत्तर देता आले नाही. पुढच्या आठवड्यात मी बोलणे निम्म्यावर आणले. दाराशी बसणारा मुलगा घरी धाकट्या भावाला एकटे ठेवून येत होता आणि म्हणून त्याचे लक्ष गल्लीकडे होते, हे तेव्हा समजले. गटकार्याच्या पेपरात हे वाचलेले होते. पाहायला मात्र वहीने शिकवले.

पदवीला वेळ असेल तर हात राबवायला आजच सुरुवात करता येते. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेने 2006 मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम तरुणांना सामाजिक कामाची दिशा शोधायला मदत करतो. खेळाची आवड असलेल्यांनी विजय बारसे यांचे काम पाहावे. पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहून या निवृत्त क्रीडा शिक्षकाला सुचलेली झोपडपट्टी फुटबॉलची कल्पना नागपुरातच रुजली.

काही पदांसाठी पदवीला पर्याय नसतो. शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक होण्यासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी लागते. मनोविकार क्षेत्रात जायचे असल्यास 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने केलेली मनोसामाजिक कार्यकर्त्याची (सायकियाट्रिक सोशल वर्कर) व्याख्या आधी वाचावी, कारण तिच्यात एमएसडब्ल्यूनंतर पूर्णवेळ दोन वर्षांचे एम.फिल. धरलेले आहे. महाविद्यालयात अध्यापनासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पाहावी.

अल्पवयीन मुलांसोबत काम करणाऱ्याने 2012 च्या पॉक्सो कायद्याचे कलम 19 पहिल्या दिवसाआधीच समजून घ्यावे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा होण्याची शक्यता जाणवली, तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नये. 1098 हा बालकांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक मुलांनाही पाठ करून द्यावा.

कागदपत्रांबाबत एकच सूचना करतो. फील्डवर्क संपले त्याच आठवड्यात संस्थेच्या लेटरहेडवर कामाचा कालावधी, एकूण तास आणि सोपवलेली जबाबदारी नमूद केलेले पत्र सही-शिक्क्यासह घ्यावे. दोन वर्षांनी गेल्यावर तिथले समन्वयक बदललेले असतात आणि हजेरीचे रजिस्टर कोणत्या कपाटात आहे हे कोणालाच माहीत नसते.