पाइपमधली जुनी चव जात नाही? या चुका टाळा

तंबाखू ओढायच्या एका जुन्या ब्रायर पाइपचा, म्हणजे ब्रायर झुडपाच्या कठीण लाकडाच्या पाइपचा, हा अनुभव आहे. तंबाखू माझी, साधी, कसलाही सुगंध नसलेली व्हर्जिनिया. पण पहिल्याच झुरक्याला तोंडात साबणाच्या वडीची चव आली. पाइपच्या आधीच्या मालकाने त्यात वर्षानुवर्षं फुलांच्या अत्तरासारखी सुगंधी तंबाखू ओढली असावी. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट भागात अशी तंबाखू बनते आणि तिला लेकलँड म्हणूनच ओळखतात. लाकडाच्या धुरावर सुकवलेली लताकियाही अशीच चिवट, शेकोटी विझल्यावर कपड्यांना येतो तसा तिचा वास पाइपला धरून राहतो. पाइपवाले या उरलेल्या चवीला 'घोस्ट' म्हणतात, म्हणजे भूत. हे भूत उतरवायच्या नादात मी एक पाइप कायमचा घालवला, तेव्हा पुढचं सगळं पोळल्यावरचं ताक फुंकणं समजा.

चव कुठे बसली आहे हे न बघता सफाईला लागणं

जवळजवळ प्रत्येक जण आधी वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा भाग, खरवडायला घेतो, कारण तीच समोर दिसते. खरी घाण बहुतेक वेळा दांडीत, म्हणजे वाटीला जोडलेल्या पोकळ लाकडी भागात, असते. धूर तिथे थंड होतो, त्यातली वाफ आणि डांबर भिंतीवर चिकटतं, आणि तोंडात धरायच्या नळीची खुंटी जिथे दांडीत बसते त्या खोबणीच्या तळाशी काळा, मऊ गाळ साचतो.

म्हणून आधी हे करा. पाइप पूर्ण गार असताना नळी हळूच पिळत काढा. गरम पाइपची नळी ओढली की खुंटी मोडू शकते, नाहीतर दांडी तडकते. मग न पेटवता नुसत्या नळीतून हवा ओढा. त्यानंतर दांडीच्या भोकाशी नाक नेऊन वास घ्या आणि शेवटी वाटीचा. जळक्या काडीसारखी किंवा गंधकाची चव नळीतच लागली, तर वाटी दहा वेळा धुऊनही उपयोग नाही. माझ्या साबणवाल्या पाइपची वाटी स्वच्छ होती. दांडीत अल्कोहोलने भिजवलेला पाइप क्लीनर (तारेवर मऊ धागे गुंफलेली लवचीक काडी) घातला तर तो चहाच्या चोथ्यासारखा होऊन बाहेर आला. तेविसावा क्लीनर कुठे पांढरा राहिला. खोबणीच्या कोपऱ्यात बारीक क्लीनर पोचत नाही, तिथे कानातल्या कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून फिरवा.

थर सगळाच खरवडणं, किंवा अजिबात न खरवडणं

वाटीच्या आतल्या कोळशाच्या थराला केक म्हणतात. तो लाकडाला आगीपासून वाचवतो, त्यामुळे हवाच. पण जुनी चव धरून ठेवणाराही तोच. साधारण १ मिलिमीटर, फार तर दीड मिलिमीटर जाडी पुरे. त्याहून जाड थर तापल्यावर लाकडापेक्षा वेगळ्या गतीने फुगतो आणि वाटीला चीर पडू शकते.

पाइप दुसऱ्याचा असेल आणि भूत जबर असेल तर थर जवळजवळ लाकडापर्यंत उतरवावा लागतो, त्याला इलाज नाही. मात्र खिशातला चाकू वापरू नका. चाकूचं टोक तळाशी घुसतं आणि धुराचं भोक वेडंवाकडं होतं. रीमर, म्हणजे वाटीतला थर खरवडायचं गोल फिरवायचं हत्यार, घ्या, एका वेळी थोडंच फिरवा आणि शेवटचा हात जाडसर सँडपेपर बोटाला गुंडाळून मारा. खाली लाकूड दिसलं की थांबा. ते काळपट असलं तर चालेल, पण मऊ आणि भुसभुशीत लागलं तर लाकूडच जळायला लागलं आहे. तिथली करपट चव तंबाखूची नसते, आणि सफाईने जातही नाही.

मिठावर आंधळा विश्वास

घोस्ट घालवायचा सर्वांत प्रसिद्ध उपाय म्हणजे वाटीत जाडं मीठ भरायचं, वरून अल्कोहोल ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी पांढरं मीठ तपकिरी झालेलं असतं आणि बघणाऱ्याला फार समाधान मिळतं. हा उपाय चालतो, ते नाकारत नाही. पण मी पाइप घालवला तो याच उपायाने.

झालं असं की घरात तीव्र अल्कोहोल नव्हतं, म्हणून मी साधी व्होडका वापरली. तिच्यात ४० टक्के अल्कोहोल आणि बाकी जवळपास सगळं पाणी. मीठ शुद्ध अल्कोहोलमध्ये फारसं विरघळत नाही, पाण्यात मात्र मजेत विरघळतं. ते खारं पाणी लाकडात शिरलं, आणि मी 'अजून थोडं मुरू दे' म्हणत पाइप तीन दिवस तसाच ठेवला. पाणी वाळताना मिठाचे कण लाकडाच्या रेषांतच जमतात आणि आतून दाब देतात. चौथ्या दिवशी दांडी जिथे वाटीला मिळते तिथे केसाएवढी चीर होती. पुढच्या दोन-तीन ओढींत ती वाढली.

आता मी मीठ वापरतच नाही. वाटीत कापसाचे बोळे दाबून भरतो. दांडीत एक पाइप क्लीनर थेट वाटीच्या तळापर्यंत घालतो, म्हणजे अल्कोहोल नळीच्या बाजूने गळून जात नाही. मग ड्रॉपरने थेंब थेंब अल्कोहोल सोडतो, कापूस ओला होईल एवढंच. पाइप वाटीचं तोंड वर करून, दांडी थोडी उंचावून ठेवतो. रात्रभरात अल्कोहोल वर उडतं आणि जाताना लाकडातलं डांबर कापसात आणून सोडतं. सकाळी बोळे काढले की कडांना मधासारखा पिवळा-तपकिरी रंग दिसतो. दुसऱ्या रात्री नवे बोळे भरायचे. रंग फिका पडेपर्यंत हे करायचं. मला दोन ते चार रात्री लागतात.

हाताला येईल ते अल्कोहोल वापरणं

९० टक्क्यांच्या वरचं, रंग-वास नसलेलं पिण्याजोगं अल्कोहोल सर्वांत चांगलं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालतं. ते पिण्याचं नव्हे, पण पूर्ण उडून जातं. पूर्ण म्हणजे पूर्ण, हे मात्र पाहा. पॉलिश किंवा स्टोव्हसाठी मिळणारं डीनेचर्ड स्पिरिट पाइपला लावू नका. त्यात मेथॅनॉल असू शकतं, आणि कुणी पिऊ नये म्हणून अनेकदा भयंकर कडू द्रव्य मिसळलेलं असतं. एक चव घालवायला जाऊन दुसरी कायमची बसवाल.

अल्कोहोल बाहेरच्या लाकडावर ओघळू देऊ नका. बऱ्याच पाइपांची चकाकी शेलॅकची, म्हणजे लाखेच्या रोगणाची, असते आणि ते अल्कोहोलात विरघळतं. थेंब पडला तिथे पांढुरका डाग उरतो. आणि हे काम चालू असताना जवळपास काडी, मेणबत्ती, शेगडी काही नको.

पाइप ओव्हनमध्ये तापवून, किंवा अल्कोहोल उकळून त्याची वाफ दांडीतून फिरवून चव काढायचे प्रकारही लोक करतात. इथॅनॉल ७८ अंशाला उकळतं आणि त्याची वाफ ठिणगीला पेटते. माझ्या मते एका पाइपसाठी हे धाडस फार झालं.

नळी गरम पाण्याखाली धरणं

काळी नळी बहुधा व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून टणक केलेल्या रबराची असते. ऊन आणि ओलावा लागला की तिच्यावर शेवाळी-तपकिरी थर येतो, आणि ती गंधकाची चव त्यातूनच येते. गरम पाण्याने दोन गोष्टी होतात. थर आणखी वाढतो, आणि वाकवलेली नळी स्वतःहून सरळ होऊ लागते, कारण रबराला आपला मूळ आकार आठवतो. गार पाण्याने पुसा, मेलामाइन स्पंजने घासा. हट्टी थर असेल तर ६०० पासून २००० नंबरपर्यंतचे ओले सँडपेपर क्रमाने वापरा. नळीवरचा कंपनीचा शिक्का तेवढा सांभाळा.

ॲक्रिलिकच्या नळीला गंधकाचा त्रास नसतो, पण अल्कोहोलमध्ये बुडवली तर बारीक जाळीदार भेगा पडतात. तिला साबणाचं कोमट पाणी आणि क्लीनर पुरतो.

सगळ्या पाइपांना एकच औषध

वरची कहाणी ब्रायरची आहे. मीरशॉम नावाच्या मऊ पांढऱ्या खनिजाच्या पाइपच्या वाटीत अल्कोहोल भरायचं नाही आणि थरही साठू द्यायचा नाही, प्रत्येक ओढीनंतर कागदी रुमालाने पुसायची. मक्याच्या कणसाचा पाइप भिजवला की मऊ पडतो. तो टाकून नवा घेणं सोपं. मातीचे पाइप पूर्वी विस्तवात भाजूनच साफ करत, पण नळी-बिळी काही जोडलेली नसेल तरच.

घाई

सफाईनंतर पाइप नळी काढून किमान तीन-चार दिवस मोकळ्या हवेत राहू द्या. दांडीला अल्कोहोलचा वास आला तर आणखी दोन दिवस. ओल्या लाकडात पेटवलेली तंबाखू आंबट लागते आणि माणूस म्हणतो, 'भूत परत आलं.' ते भूत नसतं, दमटपणा असतो. एरवीही रोज एकच पाइप दोन-तीनदा ओढणाऱ्यांना ही आंबट चव येते. एक दिवस, जमल्यास दोन दिवस विश्रांती दिली की बहुतेक वेळा आपोआप जाते, कापूस-अल्कोहोलची गरज पडत नाही. जुन्या चवीवर जास्त सुगंधी तंबाखू ओढून ती दाबायला गेलात तर एकाऐवजी दोन चवी घेऊन बसाल. आणि पाइप कितीही लख्ख झाला तरी धूर तोच असतो, त्याचं नुकसान सफाईने कमी होत नाही.

पहिल्या तीन-चार ओढी साध्या तंबाखूच्या घ्या, वाटी अर्धीच भरून. त्यानंतरही लताकिया डोकावत असेल तर मी हट्ट सोडतो. माझ्याकडचा एक बुटका वाकडा पाइप असाच आहे. दोनदा साफ केला, ऐकला नाही. आता तो फक्त लताकियासाठीच काढतो, आणि त्याला तेच हवं होतं असं दिसतं.