जड धातू आणि वनस्पतींचे अर्क: या विषयात पीएचडी करायला येणाऱ्यांसाठी

उंदरांना शिसं, कॅडमियम किंवा आर्सेनिक द्यायचं, सोबत एखाद्या वनस्पतीचा अर्क किंवा जीवनसत्त्व द्यायचं आणि यकृत-मूत्रपिंडाचं नुकसान किती टळलं ते बघायचं. विषय सोपा वाटतो, आणि निकालही बहुतेक वेळा चांगलाच येतो. कुठलाही अर्क घ्या, एमडीए (मेदाच्या ऑक्सिडीकरणातून उरणारा पदार्थ) खाली आणि ग्लुटाथायोन (पेशीतलं संरक्षक अँटिऑक्सिडंट) वर, असे शोधनिबंध ढिगाने सापडतील. म्हणून कुणी नवीन विद्यार्थी असा आलेख घेऊन आला की मी आधी विचारते, धातू कुठे गेला?

कॅडमियम मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटून मूत्रपिंडात ठाण मांडतं. माणसात त्याचं जैविक अर्धायुष्य 10 ते 30 वर्षं धरतात. ई-जीवनसत्त्वाने मेदाचं ऑक्सिडीकरण थोपवलं म्हणून हा साठा हलत नाही. तेव्हा अवयवातला धातू अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन या धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजाच. यंत्र विभागात नसेल तर नमुने बाहेर पाठवा, पण सिनॉप्सिसमध्येच त्याची तरतूद करा. काचसामान आदल्या रात्री 10 टक्के नायट्रिक आम्लात बुडवून ठेवायचं, नाहीतर नळाच्या पाण्यातलं शिसंही तुमच्या निकालात येऊन बसेल. शिशावर काम असेल तर रक्तातलं डेल्टा-अ‍ॅलॅड हे एन्झाइमही बघा. ते जस्तावर चालतं आणि शिसं त्या जस्ताची जागा बळकावतं, त्यामुळे नुसत्या अँटिऑक्सिडंट चाचण्यांपेक्षा ते जास्त नेमकं बोलतं.

सगळ्यात जास्त डोकं गट पाडताना लावा. धातू आणि अर्क दोन्ही एकाच वेळी तोंडावाटे दिले, तर अर्कातली टॅनिन्स (तुरट द्रव्यं) धातूला आतड्यातच धरून ठेवू शकतात. मग यकृत वाचलं ते धातू तिथवर पोचलाच नाही म्हणून, आणि तुम्ही मात्र 'यकृतरक्षक गुणधर्म' लिहून मोकळे. दोन्हींच्या वेळांत काही तासांचं अंतर ठेवा किंवा धातू इंजेक्शनने द्या. शिवाय आधी धातू देऊन, तो थांबवून, मग अर्क दिलेला एक गट ठेवा, कारण विषबाधा झालेला माणूस याच क्रमाने येतो. अर्क नुसताच दिलेला गट हवा, आणि तुलनेला डीएमएसएसारखं मान्य कीलेटर, म्हणजे धातूला बांधून शरीराबाहेर काढणारं औषध, हवं. ई-जीवनसत्त्व तेलातून देणार असाल तर नुसत्या तेलाचाही गट लागेल. प्राणी-नीती समिती संख्येवरून अडवेल तेव्हा दोन अर्कांपैकी एक सोडा, पण हे गट सोडू नका.

क-जीवनसत्त्व निवडणाऱ्यांना व्हायव्हात हमखास येणारा प्रश्न: उंदीर ते स्वतःच्या यकृतात बनवतो, माणूस बनवू शकत नाही, मग तुमचा निष्कर्ष माणसाला कसा लावणार? आणखी एक, मोकळं लोह हजर असेल तर हेच जीवनसत्त्व त्याला फेरस रूपात आणून पेशींना इजा करणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल वाढवायलाही हातभार लावतं.

आता टेबलावरची गोष्ट. ग्लुटाथायोनसाठी डीटीएनबी हे अभिकर्मक टाकलं की पिवळा रंग येतो, तो आपण 412 नॅनोमीटरला वाचतो. हळदीतलं करक्युमिन स्वतःच पिवळं, त्याचं शोषण 425च्या आसपास. परीक्षानळीतल्या प्रयोगात दोन्ही पिवळे एकत्र मोजले जातात आणि ग्लुटाथायोन वाढल्याचा भास होतो. उपाय साधा आहे: प्रत्येक नमुन्याचा डीटीएनबी न घातलेला ब्लँक लावा आणि ते रीडिंग वजा करा. एमडीए मोजायच्या टीबीए (थायोबार्बिट्युरिक आम्ल) चाचणीतही साखर, बिलिरुबिन असलं बरंच काही रंग देतं, म्हणून एकट्या तिच्यावर प्रबंध उभा करू नका.

अर्काबद्दल थोडक्यात. वनस्पतीची ओळख तज्ज्ञाकडून पटवून हर्बेरियममध्ये नमुना जमा करा, प्रत्येक घाण्याचं (बॅचचं) एचपीएलसी, म्हणजे घटक वेगळे करून मोजणारी चाचणी, करा आणि अर्कातला धातूही तपासा. रंग खुलावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट या शिशाच्या पिवळ्या संयुगाची भेसळ झाल्याचं आढळलेलं आहे. शिशावरचा उतारा म्हणून तीच हळद दिली तर काय होईल!

मात्रेचा हिशेब सुरुवातीलाच करून बघा. मोठ्या उंदराची (रॅटची) मि.ग्रॅ./किलो मात्रा माणसासाठी साधारण 6.2 ने भागतात. म्हणजे 500 ची मात्रा 60 किलोच्या माणसाला रोज जवळपास 4.8 ग्रॅम अर्क होते. वाळलेल्या पुडीतून 10 टक्के अर्क निघत असेल तर 48 ग्रॅम वाळलेली पूड. एवढं रोज कोण खाणार?

विषय कळला की नातेवाईक विचारतातच, 'मग शिसं काढायला काय प्यावं?' मी रक्त तपासायला सांगते आणि शिसं कुठून येतंय ते शोधायला लावते. मुलांच्या रक्तात डेसिलिटरला 45 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं असेल तर डॉक्टर कीलेशनचा विचार करतात. त्याखाली स्रोत बंद करणं आणि लोह-कॅल्शियमची कमतरता भरून काढणं हेच मुख्य, कारण ती कमतरता असली की आतडं शिसं जास्त शोषतं.