मालकाचा फोन लागला नाही तरी कारखाना चालला पाहिजे: कारभार चार जणांच्या हातात कसा द्यायचा

ऑगस्ट 2019 चा सांगलीचा पूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी 45 ची. मी गावभागात घराच्या वरच्या मजल्यावर अडकलेलो, लाईट नाही, मोबाईल बंद. सांगलीशेजारी कुपवाडला आमच्या कारखान्याच्या शेडमध्ये पाण्याचा थेंब नव्हता, जवळपास राहणारी पोरं कामावर येत पण होती, तरी चार दिवस मशीन जवळजवळ बंदच, कारण कुठला जॉब आधी घ्यायचा, कस्टमरला काय कळवायचं, ज्याचं घर पाण्यात गेलंय त्याला उचल द्यायची का, हे सगळं ठरवणारा माणूस एकच आणि त्याचा फोन लागत नव्हता. पोरांची चूक काहीच नव्हती, मीच त्यांना तशी सवय लावलेली. बारा माणसं होती तोवर चाललं, पन्नासच्या पुढं गेलो तेव्हा नाही चाललं.

तेव्हापासून जे जे केलं आणि ज्याचा खरोखर उपयोग झाला ते इथं लिहितोय, आपल्या भागात असे वाढत चाललेले कारखाने भरपूर आहेत म्हणून.

सगळ्यात आधी पंधरा दिवस एक वही खिशात ठेवा. तुम्हाला कोण काय विचारायला येतं ते लिहा, फोनवरचं पण. कुणी विचारलं, काय विचारलं, त्यात पैसे किती. माझ्या वहीत निम्म्याच्या वर प्रश्न असे निघाले की उत्तर विचारणाऱ्यालाच माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. इन्सर्ट (कटिंग टूलला लावायचे कापणारे तुकडे) संपले, आणू का? अरे, मशीनवर तू उभा आहेस, मी काय सांगणार? पण तो विचारत होता कारण एकदा न विचारता आणले तेव्हा मी चारचौघात बोललो होतो, हे त्यानं मला दोन वर्षांनी सांगितलं.

मग पैशाची मर्यादा ठरवा, आणि हे पहिलं करा, मीटिंगा बिटिंगा नंतर. ज्याला पाचशे रुपये खर्चायचा अधिकार नाही त्याला लीडर म्हणण्यात अर्थ नाही. आम्ही शिफ्ट सुपरवायझरला एका वेळी 3,000 आणि प्रॉडक्शन बघणाऱ्याला 20,000 ठेवले, तुमचा आकडा तुमच्या धंद्याप्रमाणे ठरवा. विचारायचं नाही, खर्च करायचा, रजिस्टरला कारण लिहायचं, आठवड्यानं सगळ्यांनी मिळून बघायचं. आणि हे तोंडी ठेवू नका, कागदावर आणा. भागीदारी फर्म असेल तर 1932 च्या कायद्याप्रमाणं एका भागीदारानं धंद्यासाठी केलेला व्यवहार साधारणपणे सगळ्या फर्मवर येतो, म्हणून भागीदारांच्या मर्यादा डीडमध्ये घाला. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर बँकेत सही कुणाची चालणार याचा बोर्डाचा ठराव लागतो. आपापल्या सीएला विचारून हे एका दुपारी होतं.

आता कारभार बघणाऱ्या गटात माणसं कोण निवडायची. चार किंवा पाच, जास्त नको. जो मोठ्यानं बोलतो तोच पुढारी असं नसतं, मशीन बंद पडल्यावर बाकीचे कुणाकडं जातात ते बघा. आमच्यात एक सेटर आहे, म्हणजे जॉबप्रमाणं मशीन लावून देणारा, सगळे त्याला मामा म्हणतात, मीटिंगमध्ये पहिले दोन महिने तोंड उघडलं नाही, पण रात्रपाळीचं निम्मं कामकाज त्याच्याच शब्दावर चालायचं. तो गटात नसता तर गट फक्त कागदावर राहिला असता. रात्रपाळीचा एक माणूस हवाच. आणि गटात सगळे घरचेच भरू नका, मुलगा, पुतण्या, मेहुणा एवढेच बसले तर बाहेरचा माणूस मान डोलवतो आणि गप्प बसतो.

गट झाला की प्रत्येक कामात शेवटचा शब्द कुणाचा ते लिहून भिंतीवर लावा. इथं लोक फसतात. सामूहिक म्हणजे सगळ्यांनी सगळं ठरवायचं असं नाही हो, तसं केलं तर एक ड्रिल आणायला सुद्धा पंचायत बसेल. माल पास की नापास हे क्वालिटीवाला ठरवणार, त्याच्यावर प्रॉडक्शनवाला नाही आणि मालक पण नाही. कुठला जॉब कुठल्या मशीनवर ते प्रॉडक्शनवाला. नवीन मशीनचं कर्ज, कस्टमरला दिलेला रेट, कुणाला कामावरून काढणं, एवढंच सगळ्यांनी बसून. आणि धोका दिसला तर मशीन बंद करायचा अधिकार हेल्परपासून सगळ्यांना, कुणाला विचारायची गरज नाही. सुरक्षेची जबाबदारी मात्र मालकाच्या अंगावरून उतरत नाही, हे विसरू नका.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. 1943 ते 1946 च्या प्रतिसरकारात, म्हणजे इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेल्या सरकारात, क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत होते; आपल्या आजच्या जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. एका माणसाच्या निरोपाची वाट बघत बसले असते तर काम एक दिवस चाललं नसतं. गटागटानं जबाबदारी वाटलेली, तुफान सेना हे तरुणांचं दल वेगळं, गावातले तंटे मिटवायला न्यायदान मंडळं वेगळी. एवढ्या जोखमीत माणसांनी एकमेकांवर भरवसा टाकला, आपल्याला तर फक्त खरेदीची पावती दुसऱ्याच्या हातात द्यायचीय.

आकडे दाखवा. रिजेक्शन किती, डिस्पॅच किती, येणं किती, मशीनचा तासाचा खर्च किती. आकडे लपवून निर्णय मागणं म्हणजे डोळे बांधून गाडी चालवायला देणं. मी घाबरत होतो की पगारवाढ मागतील. मागितली पण. पण त्याच महिन्यात मामांनी दाखवलं की एका जॉबचं सेटिंग आपण आठवड्यात तीनदा बदलतो, एकत्र लावलं तर दोन वेळा वाचतील.

मीटिंग आठवड्यातून एकदा, पाऊण तास, चहा सुरुवातीला. मालकानं शेवटी बोलायचं. हे लिहायला सोपं आहे, करताना जीभ चावावी लागते, कारण तुम्ही आधी बोललात की बाकी सगळे "बरोबर आहे साहेब" म्हणतात आणि तिथंच मीटिंग संपते. मतभेद झाले तर ज्याचं खातं त्यानं सगळ्यांचं ऐकून ठरवायचं, आणि बाहेर पडल्यावर कुणी फाटे फोडायचे नाहीत.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे पहिली चूक. आमच्यात प्रॉडक्शनवाल्यानं चुकीच्या ग्रेडचे इन्सर्ट अठरा हजाराचे आणले, परत जाईनात. त्या दिवशी सगळं वर्कशॉप माझ्याकडं बघत होतं. मी फक्त विचारलं, पुढच्या वेळी काय बघून घेशील? त्यानं ग्रेडचा तक्ता बनवून स्टोअरला लावला, तो अजून तिथं आहे. पण एकदा मी उलटं पण वागलोय. क्वालिटीनं थांबवलेला माल कस्टमरच्या फोनमुळं मी रात्री घरून सोडायला लावला. माल परत आला ते वेगळं, पण त्यानंतर तीन महिने क्वालिटीवाला प्रत्येक गोष्ट मला विचारून करायला लागला. मला सगळ्यांसमोर त्याची माफी मागावी लागली, तेव्हा कुठं गाडी परत रुळावर आली. घरात जेवताना भाऊ किंवा वडील काही म्हणाले म्हणून गटाचा निर्णय सकाळी फिरवू नका, घरच्यांना पण हे आधीच सांगून ठेवा.

तयारी झाली की आठ दिवस बाहेर जा, फोन घरी ठेवून. पहिल्यांदा दोनच दिवस जमलं मला.

जुलै 2021 ला परत पूर आला, परत रस्ते बंद, मी परत घरात. पाणी उतरल्यावर शेडवर गेलो आणि रजिस्टर उघडलं. तीन जणांना उचल दिलेली, कस्टमरला डिस्पॅच लांबल्याचं पहिल्याच दिवशी कळवलेलं, दोन मशीनवर जवळच्या पोरांची पाळी लावलेली, आणि खाली मामांच्या अक्षरात: उचलीची रक्कम मर्यादेच्या वर गेली, चौघांनी मिळून ठरवलं, चौघांच्या सह्या.